सरासरीचा भ्रम

वर्षअखेरची शिल्लक चांगली दिसली, म्हणून पेढी सुस्थितीत होती असे कोणताही जाणता व्यापारी म्हणणार नाही. मधल्या महिन्यांत रोकड किती आटली होती, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. पावसाच्या सरासरीचेही तसेच आहे.

देगलूरची लेंडी नदी मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. एप्रिल २०१६ मध्ये याच मांजरेच्या खोऱ्यातील लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी! त्याच वर्षी पावसाळा सरताना लातूर-नांदेड भागात पूर आले. ऑगस्ट २०२५ मध्ये देगलूरशेजारच्या मुखेड तालुक्यात दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. हसनाळ, रावणगाव ही गावे पाण्याने वेढली गेली आणि माणसे दगावली.

अवर्षण आणि अतिवृष्टी ही एकाच तापलेल्या हवेची दोन रूपे आहेत. तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. उघडिपीत ती जमिनीतील ओल शोषून घेते. बरसते तेव्हा मात्र एकदम ओतते. इतके पाणी जमिनीत मुरण्याआधीच वाहून जाते, आणि विहीर रितीच राहते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात पावसाचे एकूण मान घटूनही विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

याची झळ बाजारपेठेलाही बसते. पेरणीची उधारी सोयाबीन घरात आल्यावर फिटते. काढणीच्या तोंडावर शेत बुडाले, तर शेतकऱ्याबरोबर आडतीचे खातेही बुडते. म्हणून गोदामाची जोती उंच करणे, छपरावरचे पाणी विहिरीत वळवणे आणि नुकसानीच्या वर्षी वसुलीची मुदत वाढवणे, ही केवळ भूतदया नव्हे. तो व्यवहारही आहे. जैन घरांत पाणी गाळून आणि जपून वापरण्याचा संस्कार जुना आहे. चातुर्मासात धो धो कोसळून वाहून जाणारे पाणी अडवून मुरवणे, ही त्याच संस्काराची आजची पायरी ठरावी.