जाहीर आवाहन : मळणीच्या ढिगावर मेंढरं सोडण्यापूर्वी

शेतकरी आणि मेंढपाळ बंधू-भगिनींनो,

सोयाबीन, मका, बाजरीची मळणी उरकली की रिकाम्या रानात मेंढरांचे वाडे उतरतात. शेताला लेंडीखत मिळतं. कळपाला भुसकट, कोंडा, पेंड, चाळीतला टाकाऊ कांदा मिळतो. हा जुना व्यवहार दोघांच्या भल्याचा आहे आणि तो चालूच राहावा. मात्र हेच खाणं एकाएकी आणि पोटभर मिळालं, तर जिवावर बेततं.

सगळ्यात मोठा धोका मळणीयंत्राखाली सांडलेल्या दाण्याचा. उपाशी मेंढरानं मका-ज्वारी भरमसाट खाल्ली की दाणा पोटात झपाट्यानं आंबतो आणि चारा पचवणारे जंतूच मरतात. मेंढरू खाणं सोडतं, दात खातं, आंबूस वासाची पातळ हगवण लागते, बसलेलं उठत नाही. अशाच अतिखाण्यानं आंत्रविषारही होतो. त्यात कळपातलं धष्टपुष्ट कोकरूच काही तासांत जातं. मग कुणी विष घातलं असा संशय येतो आणि बांधावर भांडण उभं राहतं.

म्हणून शेतकऱ्यांना विनंती :

- कळप येण्याआधी सांडलेला दाणा गोळा करा. ते जमलं नाही, तर ढीग कुठे आहे ते मेंढपाळाला सांगा.
- औषध लावलेलं बियाणं किंवा नुकतीच फवारणी झालेलं काही रानात असेल, तर लपवू नका.
- बुरशी धरलेली शेंगदाणा पेंड किंवा मका फुकटसुद्धा देऊ नका. बुरशीचं विष यकृत निकामी करतं.

मेंढपाळांना विनंती :

- नव्या रानात शिरण्याआधी कळपाला सुका चारा द्या. नवं खाणं थोड्यापासून सुरू करून दहा-पंधरा दिवसांत वाढवा.
- कांदा इतर चाऱ्यात मिसळून थोडाच द्या. जास्त कांद्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लघवी लालसर-काळी दिसली की तो लगेच बंद करा.
- सरकी पेंड लहान कोकरांना नको. तिच्यातलं गॉसिपॉल त्यांच्या हृदयाला बाधतं.
- गहू-भाताच्या कोंड्यावरच नर पोसू नका, मुतखडा होतो. सोबत सुका चारा आणि भरपूर पाणी हवं.
- गाई-म्हशींचं किंवा कोंबड्यांचं खाद्य मेंढरांना घालू नका. त्यातलं तांबं मेंढीला सोसत नाही.
- आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्या. पहिल्यांदाच टोचत असाल, तर दुसरी मात्राही चुकवू नका.

मेंढरू आजारी दिसलं तर दाणा बंद करा, बाकीचा कळप त्या रानातून बाहेर काढा आणि 1962 या पशुवैद्यकीय क्रमांकावर फोन करा. मान वर धरून तेल किंवा काढा ओतू नका. तो फुप्फुसात जातो. दगावलेलं मेंढरू पुरण्याआधी डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या. खरं कारण कळलं तर उरलेला कळप वाचेल आणि पुढच्या सुगीलाही त्या रानात वाडा बसेल.

आपले,
तालुक्यातील पशुपालक कार्यकर्ते