दवाखाना आतून न पाहिलेले भावी डॉक्टर

दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या पत्रकाराचा फोन आठवडाभर गरम असतो. शाळांच्या प्रेसनोट, क्लासवाल्यांच्या जाहिराती, सत्काराचे फोटो. वीस वर्षं या बातम्या करतोय. गुणवंतांच्या मुलाखतीत एक वाक्य हमखास येतं, "डॉक्टर होऊन गोरगरिबांची सेवा करायची आहे." यंदा मी सत्काराला आलेल्या अकरा जणांना एक साधा प्रश्न विचारला. स्वतः आजारी असताना किंवा कुणाला भेटायला गेलात ते सोडा, दवाखान्यात काम कसं चालतं हे बघायला कधी अर्धा दिवस थांबलात का? एकानेही हो म्हटलं नाही.

यात मुलांचा दोष काहीच नाही. त्यांना आत घेतलंय कुणी?

जरा हिशोब बघा. २०२४ साली देशभरात २३ लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली. एमबीबीएसच्या जागा सरकारी आणि खासगी मिळून लाखाच्या थोड्या वर. म्हणजे वीसेक मुलांमागे एक जागा, आणि त्यातल्या निम्म्या जागांची फी ऐकूनच शेतकरी बाप गप्प बसतो. तरी पंधराव्या वर्षी निर्णय होतो. लातूरला खोली घेतली जाते. नाव एका कॉलेजात, मुक्काम क्लासच्या गावात. दोन वर्षं, मग रिपीट, कधी दुसऱ्यांदा रिपीट. कुणी जमीन गहाण टाकतं, कुणी सोनं मोडतं.

आपण सोयरीक जुळवताना घर बघायला चार वेळा जातो. पाव्हण्यांच्या गोठ्यात गुरं किती हेही मोजून येतो. आणि लेकराच्या चाळीस वर्षांच्या कामाचा निर्णय ते काम एकदाही न बघता घेतो!

आज आपल्याकडे दवाखाना आतून दिसतो तो फक्त घरात कुणी आजारी पडलं तर. माझ्या ओळखीतला एक मुलगा आजोबांच्या डायलिसिसला आठवड्यातून दोनदा सोबत जायचा. मशीन कसं चालतं, पेशंटचं बीपी खाली आलं की तंत्रज्ञ काय करतो, हे त्याने वर्षभर पाहिलं. बारावीनंतर त्याने तोच कोर्स केला, आज नोकरीला आहे. दुसरीकडे एक मुलगी. बारावीला मार्क बरे पडले, कुणीतरी म्हटलं नर्सिंगला स्कोप आहे, घातली. वॉर्डातली पहिली ड्युटी लागली आणि चार महिन्यांत घरी परत आली. वर्ष गेलं, फी गेली, वर गल्लीतली बोलणी. पोरगी हुशार होती. तिला फक्त आधी कुणी वॉर्ड दाखवला नव्हता.

आपल्या मुलांना दवाखान्यातली दोनच माणसं माहीत असतात, डॉक्टर आणि नर्स. एखाद्या ग्रामीण रुग्णालयात सकाळी नऊ ते एक नुसतं उभं राहा. औषधं देणारा फार्मासिस्ट, रक्त तपासणारे लॅबवाले, एक्स-रे तंत्रज्ञ, डोळे तपासणारे, समुपदेशक, १०८ रुग्णवाहिकेवरचे लोक, जनआरोग्य योजनेचे कागद बघणारे आरोग्यमित्र. डी.फार्म दोन वर्षांचं आहे, जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. २०२१ साली केंद्राने अशा संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यात फिजिओथेरपीपासून डायलिसिसपर्यंत पन्नासहून जास्त व्यवसाय आहेत. पण घरात चर्चा काय होते? "डॉक्टर नाहीच जमलं तर मग बघू काहीतरी." ज्या माणसाच्या हातात उद्या आपली रक्ताची बाटली असणार, तो 'काहीतरी' म्हणून आलेला असावा असं वाटतं का आपल्याला?

म्हणून माझी मागणी छोटी आहे. नववीची परीक्षा झाली की उन्हाळ्यात, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात चार-चार मुलांच्या तुकडीला दहा दिवस, रोज अर्धा दिवस यायला मिळावं. पहिल्या दिवशी तीन गोष्टी शिकवायच्या. हात कसे धुवायचे. पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या डब्यात काय पडतं, आणि त्या डब्यांना हात का लावायचा नाही. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: इथे कोण कशासाठी आलं होतं हे बाहेर बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही. मोबाइल गेटवर जमा.

मग काम काय? म्हाताऱ्या माणसाला केसपेपरच्या खिडकीपासून योग्य खोलीपर्यंत नेणं. न वाचता येणाऱ्याला बोर्ड वाचून दाखवणं. योजनेला कोणती कागदं लागतात ते सांगणं. रांगेतल्या गरोदर बाईला बसायला जागा करून देणं. रोज अर्धा तास एकेका कर्मचाऱ्याजवळ बसून त्याचं काम बघणं. इंजेक्शन, ड्रेसिंग, क्षयरोग विभाग, प्रसूतिगृह, शवविच्छेदन यांच्या जवळपासही नाही. पालकांचं लेखी संमतिपत्र आणि एक सिस्टर जबाबदार.

यावर हरकती येणार, आणि त्या खोट्या नाहीत. पहिली, रिकाम्या पदांवर फुकटची पोरं राबवतील. ही भीती मला स्वतःला आहे. म्हणून कामांची यादी भिंतीवर लावा. त्याबाहेरचं काम सांगितलं तर मुलाने नाही म्हणायचं. पदं भरण्याची मागणी वेगळी आहे आणि ती आपण सोडायची नाही. दुसरी, सिस्टरना आधीच श्वास घ्यायला वेळ नाही. खरं आहे. म्हणूनच चारच मुलं, आणि सोबत शाळेचा एक शिक्षक. तिसरी, मुलींची सुरक्षितता. वेळ दिवसाची, तुकडीत किमान दोन मुली, एकटं कुठे पाठवायचं नाही. चौथी हरकत माझी: पहिल्या दिवशी उद्‌घाटन, टोप्या, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी सगळं बंद. त्याची बातमी मीच करीन, आणि ती गोड नसेल.

हे अगदीच नवीन आहे असंही नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना आहे. सुतार चालतो, कुंभार चालतो, मग पुढच्या वर्गांसाठी परिचारिका का नाही? सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाची मुलं गावात शिबिराला राहतात. चांगलंच आहे. पण ती प्रवेश मिळाल्यानंतर माणसं बघतात. मी म्हणतो, निर्णय घेण्याआधी बघू द्या.

दहा दिवसांनी एखादा मुलगा म्हणेल, हे आपलं काम नाही. त्याच्या बापाचे काही लाख वाचले. एखादी म्हणेल, मला लॅबच आवडली. तिची दोन वर्षं वाचली. आणि ज्याला खरंच डॉक्टर व्हायचंय, त्याला कळलेलं असेल की त्या खोलीबाहेर दोन तास उभं राहणं म्हणजे काय. हे कुठला क्लास शिकवतो?

यासाठी मंत्रालयाच्या जीआरची वाट बघायला नको. सरकारी रुग्णालयांना रुग्ण कल्याण समिती असते. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, असा अर्ज मी लिहून ठेवलाय. सोमवारी देतोय. शिक्षक असाल, पालक असाल, नववीत मूल असेल तर सही करायला या. आणि दुसऱ्या तालुक्यातले असाल तर आधी एवढं शोधा, तुमच्या रुग्णालयाच्या समितीवर कोण कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली. कॉमेंटमध्ये लिहा. मला वाटतं, बऱ्याच जणांना या प्रश्नाचं उत्तर शोधतानाच पहिल्यांदा रुग्णालयाची पायरी चढावी लागेल.