दोन अश्वांची तुलना

घनसावंगीहून एका वाचकांनी विचारिले आहे, की १९ शर्यतींपैकी १८ जिंकून निवृत्त झालेला स्क्वाँडरर श्रेष्ठ, की त्याच्या मागून आलेला, २३ पैकी २२ जिंकणारा इल्युसिव्ह पिंपर्नेल? (पैज लावणारांस आमचे उत्तर निरुपयोगी आहे.) पराभव दोघांचाही एकच, नुसत्या बेरजेने दुसरा सरस ठरेल. परंतु काळ भिन्न, प्रतिस्पर्धी भिन्न. तेव्हा कस पल्ल्याचा लावावा हे बरे. १६०० मीटरांची टू थाउजंड गिनीज, १९७७ ची महालक्ष्मीवरील २४०० मीटरांची डर्बी आणि २८०० मीटरांची सेंट लेजर, या तिन्ही स्क्वाँडररने जिंकिल्या. वेगवान घोडा बहुधा लांब पल्ल्यास दम सोडतो, दमदार घोडा आखूड पल्ल्यास मागे पडतो.  म्हणून चार विजय कमी असूनही आमचे मत स्क्वाँडररकडे झुकते.