विश्लेषण : शाळेत समुपदेशक येणार, पण त्याचा उपयोग होतो का, हे कोण तपासणार?

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी बजावले. निर्देश स्वागतार्हच आहे. पण समुपदेशक नेमला म्हणजे मुलांचे मानसिक आरोग्य सुधारले, असे होत नाही. काही उपक्रम चालतात, काही चालत नाहीत आणि कोणता चालेल हे नुसते पाहून सांगता येत नाही. ते मोजावे लागते. हे मोजण्याचे काम जगभरात विद्यापीठांची संशोधन केंद्रे करतात. आपल्याकडच्या चर्चेत नेमका हाच दुवा गायब आहे.

न्यायालयाने नेमके काय सांगितले?

विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूशी संबंधित प्रकरणात न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या खंडपीठाने १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. कायदा होईपर्यंत ती बंधनकारक आहेत. शाळा, महाविद्यालये, कोचिंग क्लास, वसतिगृहे असे सगळेच त्यात येतात. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचे आहे. शंभरपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करायची आहे.

या निर्देशांमागचे आकडे गंभीर आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. बेंगळूरुच्या ‘निमहान्स’ने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळले होते. सरासरी धरली तर पन्नास मुलांच्या वर्गात तीन ते चार मुले. म्हणजे हा प्रश्न एखाद्या शाळेचा नाही, प्रत्येक वर्गाचा आहे.

विद्यापीठाचे केंद्र शाळेत काय करते?

अमेरिकेत बाल्टिमोर येथे मेरीलँड विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात शालेय मानसिक आरोग्याचे राष्ट्रीय केंद्र १९९५ पासून काम करते. हे केंद्र स्वतः प्रत्येक शाळेत समुपदेशक पाठवत नाही. शाळांना मदतीची रचना कशी उभारावी हे शिकवणे, त्यासाठी साधने तयार करणे आणि परिणाम तपासणे हे त्याचे काम. शाळेने स्वतःचीच तपासणी करावी यासाठी केंद्राने एक ऑनलाइन प्रणाली मोफत उपलब्ध केली आहे. किती मुलांना मदतीची गरज होती, किती जणांपर्यंत ती पोहोचली आणि किती जणांना बरे वाटले, असे प्रश्न शाळेने स्वतःला विचारावेत, हा त्यामागचा विचार.

अशी केंद्रे साधारण तीन पातळ्यांवर काम आखतात. पहिली पातळी सगळ्या मुलांसाठी : वर्गातले वातावरण, दादागिरीला आळा, भावनांविषयी मोकळे बोलणे. दुसरी, ताणाची लक्षणे दिसणाऱ्या काही मुलांसाठी : छोटे गट, थोडी जास्त मदत. तिसरी, ज्यांना उपचारांची गरज आहे अशा मोजक्या मुलांसाठी : व्यक्तिगत समुपदेशन आणि गरजेनुसार डॉक्टर. आपल्याकडे समुपदेशक म्हटले की तिसरी पातळीच डोळ्यांसमोर येते. पहिली पातळी नसेल तर तिसऱ्या पातळीसमोर रांग लागते आणि एकटा समुपदेशक त्या रांगेला पुरा पडत नाही.

बिहारमध्ये काय सापडले?

याबाबतचा एक महत्त्वाचा पुरावा भारतातलाच आहे आणि त्याचा धागा गोव्यापर्यंत जातो. गोव्यातील ‘संगाथ’ ही संशोधन संस्था आणि लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन यांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. चौऱ्याहत्तर शाळांमधील नववीच्या मुलामुलींची माहिती अभ्यासली गेली. निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

शाळांचे तीन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने पाडले गेले. पहिल्या गटात ‘सेहर मित्र’ म्हणून प्रशिक्षण दिलेली, मानसोपचारतज्ज्ञ नसलेली व्यक्ती काम करत होती. दुसऱ्या गटात तोच कार्यक्रम त्याच शाळेतला प्रशिक्षित शिक्षक राबवत होता. तिसऱ्या गटात आधीपासून सुरू असलेला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम तसाच ठेवला. कार्यक्रमात प्रार्थनेच्या वेळची सत्रे, भित्तिपत्रक, मनातले लिहून टाकण्यासाठी पेटी, मुलांचे गट आणि गरज पडल्यास एकट्याशी बोलणे, असे सगळे होते.

आठ महिन्यांनी मोजणी झाली. ‘सेहर मित्र’ असलेल्या शाळांमध्ये वातावरण लक्षणीय सुधारले. मुलांना शाळा आपली वाटू लागली, शिक्षकांशी नाते सुधारले. नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांनी तोच कार्यक्रम राबवलेल्या शाळांमध्ये मात्र काहीच वेगळा परिणाम दिसला नाही.

हा शिक्षकांचा दोष नाही. पोर्शन संपवायचा, निवडणुकीची कामे करायची, पोषण आहाराची नोंद ठेवायची आणि वर मुलांच्या मनाचीही जबाबदारी घ्यायची, हे एका माणसाला झेपणारे नाही. शिवाय सकाळी गृहपाठ न केल्याबद्दल रागावलेल्या सरांकडे मधल्या सुट्टीत घरातले भांडण सांगायला मूल जाईलच असे नाही. पण मोजणी झाली नसती, तर ‘शिक्षकांना दोन दिवसांचे प्रशिक्षण द्या’ हा स्वस्त मार्ग डोळे झाकून निवडला गेला असता.

चांगला वाटणारा उपक्रमही फसतो?

हो, आणि तोही मोठ्या प्रमाणावर. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली ब्रिटनमध्ये ‘मिरियड’ हा प्रयोग झाला. ११ ते १४ वयोगटातील ८,३७६ मुले आणि ८५ शाळा त्यात होत्या. मुलांना ‘माइंडफुलनेस’, म्हणजे सजगतेचे धडे शिक्षकांकडून दिले गेले. कल्पना लोकप्रिय होती, हेतू चांगला होता. २०२२ मध्ये निष्कर्ष आले : नेहमीच्या शिक्षणाच्या तुलनेत मुलांच्या मानसिक आरोग्यात फरक नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता.

स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट या वैद्यकीय विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील प्रयोगाची गोष्ट आणखी बोलकी आहे. युरोपातील १० देशांतील १६८ शाळा आणि ११ हजारांहून अधिक मुले. तीन उपाय समोरासमोर ठेवले गेले. पहिला, शिक्षकांना धोक्याची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण. दुसरा, प्रश्नावलीतून धोक्यातली मुले शोधून त्यांना तज्ज्ञांकडे पाठवणे. तिसरा, थेट मुलांसोबत भूमिकानाट्य आणि चर्चा. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी कशातच फरक नव्हता. बारा महिन्यांनी मात्र तिसऱ्या गटात आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा सुमारे निम्मे होते. पहिल्या दोन उपायांचा तसा परिणाम दिसला नाही.

म्हणजे तीन महिन्यांत अहवाल मागितला असता, तर चालणारा उपायही बंद पडला असता. आपल्याकडे उपक्रमाचा अहवाल बहुतेक वेळा कार्यक्रमाच्या फोटोंवर आणि उपस्थितीच्या आकड्यावर संपतो.

अशा केंद्रांत काम करणारे दिवसभर काय करतात?

बरेचसे काम किचकट आणि संथ असते. आधी नैतिकता समितीची मान्यता, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, मुख्याध्यापकांशी बैठक. मग पालकांना समजेल अशा भाषेत संमतीपत्र. मूल अल्पवयीन असले तरी त्याचीही संमती विचारली जाते आणि ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक दिली जाते.

त्यानंतर प्रश्नावली. इंग्रजी प्रश्नाचे शब्दशः मराठी करून चालत नाही. ‘तुला नैराश्य वाटते का?’ असे विचारले तर नववीतला मुलगा ‘नाही’ म्हणेल. तोच मुलगा ‘कशातच जीव रमत नाही’, ‘डोकं जड होतं’, ‘भूक मेलीय’ असे सहज सांगेल. ते शब्द शोधणे, प्रश्न पुन्हा उलट भाषांतरित करून अर्थ तोच राहतो का ते पाहणे आणि थोड्या मुलांवर तपासणे, यात कित्येक आठवडे जातात.

मग समुपदेशकांचे प्रशिक्षण आणि देखरेख. परवानगी असेल तिथे सत्रांचे रेकॉर्डिंग ऐकून वरिष्ठ सांगतात की इथे तू उपदेश केलास, इथे ऐकायला हवे होते. एखाद्या मुलाच्या उत्तरातून जिवाला धोका दिसला, तर संशोधन बाजूला ठेवून त्याच दिवशी काय करायचे, कोणाला कळवायचे, हे आधीच लिहून ठेवलेले असते. बाकी माहिती गोपनीय राहते, मुख्याध्यापकांनी मागितली तरीही.

या कामात मानसशास्त्र आणि समाजकार्य शिकलेले लोक असतात, तसेच संख्याशास्त्र आणि संगणकाचेही. दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये ‘संगाथ’ने हार्वर्डसह अन्य विद्यापीठांच्या सहकार्याने केलेल्या ‘प्राइड’ प्रकल्पात समस्या सोडवण्याची पद्धत शिकवणारा स्मार्टफोनवरचा खेळही तयार झाला. इंजिनीअरिंग करणाऱ्या कोणालाही हा क्रम ओळखीचा वाटेल : टेस्टिंग न करता कोणी सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती देत नाही. मुलांच्या मनाशी संबंधित कार्यक्रम मात्र आपण चाचणीशिवाय राज्यभर लागू करतो.

महाराष्ट्रात अडचण कुठे आहे?

पहिला प्रश्न पगाराचा. अनुदानित शाळेत हे पद कोण मंजूर करणार, निधी कोण देणार? दुसरी भीती अशी की, पद भरले तरी समुपदेशकाला ऑफ तास, परीक्षेची कामे आणि शिस्तीच्या तक्रारी सोपवल्या जातील. ज्या खोलीत मुलाला शिक्षा म्हणून पाठवले जाते, तिथे ते आपणहून कधीच जाणार नाही.

तिसरा आणि सर्वांत मोठा प्रश्न लहान शाळांचा. वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांची पटसंख्या शंभरच्या खूप खाली आहे. तिथे न्यायालयाने सांगितलेली ‘बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडणी’ कोणाशी करायची? तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ मिळणे अवघड असताना ही जोडणी कागदावरच राहण्याची शक्यता जास्त.

इथेच विद्यापीठे उपयोगी पडू शकतात. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग, टाटा सामाजिक विज्ञान संस्था अशी मनुष्यबळ घडवणारी ठिकाणे राज्यात आहेत. राज्याने प्रत्येक विद्यापीठाला त्याच्या परिसरातील काही तालुके जोडून द्यावेत. स्थानिक तरुणांना प्रशिक्षण, त्यांच्यावर दर आठवड्याला देखरेख आणि दर वर्षी परिणामांची मोजणी, ही जबाबदारी विद्यापीठाची. सुरुवात सगळ्या शाळांपासून नको. काही शाळांत आधी, काही शाळांत नंतर, असे टप्पे पाडले तर तुलना आपोआप होईल आणि खर्चही आवाक्यात राहील.

‘मुले आज त्रासात आहेत, संशोधनासाठी थांबायचे का?’ असा आक्षेप येऊ शकतो. थांबायचे अजिबात नाही. समुपदेशक आजच नेमावा आणि मोजणीही आजच सुरू करावी. नेमणूक झाल्यावर पाच वर्षांनी मोजायचे ठरवले, तर तुलनेसाठी आधीची नोंदच हाती नसेल. दरम्यान एक पिढी दहावी-बारावी होऊन बाहेर पडलेली असेल.

पालकांनी शाळेला काय विचारावे?

पुढच्या पालकसभेत चार प्रश्न विचारता येतील. समुपदेशकाचे शिक्षण आणि बालमानसशास्त्राचे प्रशिक्षण काय आहे? मूल त्यांना कोणाच्याही परवानगीशिवाय भेटू शकते का? तिथे बोललेले गोपनीय राहते का, आणि जिवाला धोका असेल तर काय केले जाते? वर्षभरात मुलांना किती फरक पडला, हे शाळा कसे तपासते? पहिल्या तिघांची उत्तरे काही शाळा देतील. चौथ्याचे उत्तर आज क्वचितच मिळेल. तरीही तो विचारत राहायला हवा. पालकच विचारत नसतील, तर शाळेला आणि सरकारला तो सुचण्याचे कारण नाही.

(तुम्हाला किंवा ओळखीतील कोणाला मानसिक त्रास होत असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. मराठीतूनही बोलता येते.)