धर्मशिक्षणाच्या तासिकेत सामाजिक न्याय

८ मे २०२५ रोजी कार्डिनल रॉबर्ट प्रिव्होस्ट यांची पोपपदी निवड झाली आणि त्यांनी 'लिओ' हे नाव धारण केले. या निवडीमागील कारण त्यांनी दोनच दिवसांनी कार्डिनल मंडळासमोर स्पष्ट केले. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरूम नोवारूम' या परिपत्रकाद्वारे औद्योगिक क्रांतीत भरडल्या जाणाऱ्या कामगारांचा प्रश्न हाती घेतला होता. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवी प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांपुढे नवी आव्हाने उभी राहिली आहेत, असे त्यांनी सांगितले. आपल्या धर्मग्रामांत ही वार्ता मोठ्या आनंदाने वाचली गेली. परंतु आपल्या शाळेतील दहावीच्या एखाद्या कॅथलिक विद्यार्थ्याला त्या परिपत्रकात काय आहे, असे विचारून पाहावे. दहा आज्ञा आणि सात संस्कार त्याला तोंडपाठ असतात. न्याय्य वेतन, कामगारांचा संघटनेचा हक्क यांविषयी ख्रिस्तसभेची काही शिकवण आहे, हे मात्र बहुधा त्याच्या कानावरच आलेले नसते.

हा दोष विद्यार्थ्याचा नाही आणि आमच्या मते शिक्षकाचाही नाही. पोप जॉन तेविसावे यांनी १९६१ मध्येच 'मातेर एत माजिस्त्रा' या परिपत्रकात ही सामाजिक शिकवण सर्व प्रकारच्या कॅथलिक शाळांत आवश्यक विषय म्हणून शिकवावी, असा आग्रह धरला होता. 'पाहा, पारखा, कृती करा' ही त्रिसूत्रीही त्यांनी तेथे पुरस्कारिली. तिचे मूळ बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांमध्ये केलेल्या कार्यात आहे. पुढे २००४ मध्ये या शिकवणीचा सारग्रंथ प्रसिद्ध झाला, तर २०१६ मध्ये खास तरुणांसाठी 'डोकॅट' निघाले आणि त्याला पोप फ्रान्सिस यांनी प्रस्तावना लिहिली. ग्रंथ आहेत, अडचण आहे ती वर्गात.

माध्यमिक शाळेत धर्मशिक्षण देणारी व्यक्ती बहुतेक वेळा विज्ञानाची किंवा इंग्रजीची शिक्षिका असते. आठवड्यातील एक-दोन तासिका तिच्या वाट्याला येतात आणि परीक्षा जवळ आली की त्याही गणिताकडे जातात. (याला पालकांचाही फारसा विरोध नसतो, हेही नमूद करावयास हवे.) त्यातून तिने मजुरी, जमीन, विस्थापन असा विषय काढलाच, तर 'राजकारण वर्गात नको' असा सल्ला मिळतो. मग ती सुरक्षित वाटेने जाते. नाताळात गरिबांसाठी वस्तू गोळा होतात आणि तेवढ्याला सामाजिक शिकवण म्हटले जाते. दान करणे चांगलेच. पण माणसाला दान का मागावे लागते, हा प्रश्न मुलांपुढे येतच नाही.

आपल्याच पालघर जिल्ह्यातील एक उदाहरण घेऊ. डहाणू तालुक्यातील वाढवण येथील बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. प्रकल्पाचा खर्च ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये येथील बंदराला नकार दिला होता; २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून संमती दिली. शासन रोजगाराचे आश्वासन देते, तर मच्छीमारांना मासेमारीचे क्षेत्र हातचे जाण्याची धास्ती आहे.

हा विषय नववीच्या वर्गात आणता येईल काय? आमच्या मते येईल. प्रथम मुलांनी दोन्ही बाजूंची माहिती जमवावी. एखाद्या कोळी कुटुंबाशी बोलावे, तसेच नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणाशीही बोलावे. मग ख्रिस्तसभेच्या कसोट्या लावाव्यात: यात सर्वांचे हित आहे काय, निर्णयात स्थानिकांना स्थान मिळाले काय, सर्वांत दुर्बळ माणसाचे काय होईल, आणि २०१५ च्या 'लाउदातो सी'ला अनुसरून समुद्राचे काय होईल? शिक्षिकेने निकाल जाहीर करू नये. वर्गात मतभेद राहिले तरी चालतील. ज्याची जाळी किनाऱ्यावर आहेत आणि ज्याला नोकरी हवी आहे, असे दोघेही कदाचित एकाच बाकावर बसलेले असतील. वसईच्या मुलांना तर असा धडा घरातूनच मिळू शकतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसईच्या लढ्यात अनेकांचे आजी-आजोबा रस्त्यावर उतरले होते. २०२४ मध्ये फादर आपल्यातून गेले. त्या पिढीच्या आठवणी नोंदवून घेण्याचे कामही मुलांकडे देता येईल.

आपल्या शाळांत अन्य धर्मीय विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार अनुदानित शाळेत कोणालाही संमतीवाचून धर्मशिक्षण देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु सामाजिक शिकवणीचा गाभा मूल्यशिक्षणाच्या तासिकेत सर्वांपुढे मांडता येतो. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०२४ मध्ये शाळांना दिलेल्या सूचनांत संविधानाच्या उद्देशिकेच्या दैनंदिन वाचनाचा समावेश केला. न्याय, समानता, बंधुता आणि व्यक्तीची प्रतिष्ठा हे शब्द मुले रोज उच्चारतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रम संहिता त्या शब्दांच्या कसोटीवर पारखण्यास धर्माची अट आड येत नाही.

शिक्षकांना नवे पाठ्यपुस्तक नको आहे. मे महिन्याच्या सुट्टीत दोन दिवसांचे प्रशिक्षण, दर महिन्याला एखाद्या चालू प्रश्नावर दोन पानांचे टिपण आणि तासिका हिरावली जाणार नाही याची मुख्याध्यापकांकडून हमी, एवढे धर्मप्रांताने द्यावे. पालकांची तक्रार आली तर धर्मगुरूंनी शिक्षिकेच्या बाजूने उभे राहावे, ही आमची चौथी आणि अधिक निकडीची मागणी आहे.

कारण हा विषय दूरच्या बंदरावर थांबणार नाही. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला वाचून झाल्यावर एखादी मुलगी विचारील, की आमच्या वाडीत कामाला येणाऱ्या आदिवासी बाईला दिवसाचे किती मिळतात? घरकाम करणाऱ्या मावशींना आजारपणाची रजा का नाही? आणि एखादा धीट मुलगा समोर उभ्या असलेल्या, कंत्राटावर नेमलेल्या बाईंनाच त्यांच्या पगाराविषयी विचारील. त्या दिवशी बाईंनी काय उत्तर द्यावे, याचा विचार शाळा चालविणाऱ्या आपल्या संस्थांनी शाळा सुरू होण्यापूर्वीच करावयाचा आहे.