आपला हात जगन्नाथ!

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कोपरखैरण्याच्या घरातला मोरीचा नळ गळू लागला. टप्, टप्, टप्! आईने रात्री खाली बालदी ठेवली, ती सकाळी अर्ध्याहून अधिक भरलेली. प्लंबरला निरोप गेला. "येतो" म्हणाला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. आणि मी, द्वितीय वर्ष कलाशाखेची विद्यार्थिनी, अर्थशास्त्रातली टंचाईची व्याख्या घोकत त्याच घरात बसले होते!

चौथ्या दिवशी मी शेजारून पाना मागून आणला. पहिल्याच झटक्याला फजिती! कॉक बंद न करताच नळाचे डोके फिरवले आणि मोरीत कारंजे उडाले. आई भिजली, मी भिजले. धाकटा भाऊ हसून म्हणाला, "ही काय पोरींची कामं आहेत?" मग कॉक बंद केला, नळ उघडला. आत काय असावे? शर्टाच्या बटणाएवढा रबराचा वायसर, झिजून चपटा झालेला. दहा रुपयांत नवा आणला, बसवला. नळ गप्प झाला. एवढ्याशा रबरापायी आम्ही तीन दिवस हातावर हात ठेवून बसलो होतो!

संध्याकाळी मोठ्या कौतुकाने आबांना सांगितले. आबा तुर्भ्याच्या बाजारात माथाडी आहेत. 1969 च्या कायद्याने माथाडींना नोंदणी दिली, भविष्य निर्वाह निधी दिला; पण पाठीवरचे पोते काही उतरले नाही. आबा माझ्या सोललेल्या बोटांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्या पाठ मोडली ती तुझ्या हातात पाना यावा म्हणून न्हवं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. शिकायचे म्हणजे हात मळू द्यायचे नाहीत, हा आबांचा हिशेब. तो कष्टातून आलेला आहे, त्याला मी हसू शकत नाही. पण वाचकहो, हा हिशेब खरा आहे का? गावी सातारकडे हेच आबा पावसाळ्यापूर्वी कौले चाळत, आई भिंती सारवी. घर बिघडले तर घरच्यांनी नीट करायचे, एवढे साधे होते. शहरात आलो, शिकलो आणि खिळा ठोकायलाही माणूस शोधू लागलो. याला प्रगती म्हणायचे का?

दोष शिक्षणाच्या पद्धतीतही आहे. कोठारी आयोगाने (1964-66) शाळेत कार्यानुभव असावा असे सुचवले. आमच्या वाट्याला तो आला कागदी फुलांच्या रूपाने! मी शाळेत गुलाब केले, गुण मिळाले. पण फ्यूज म्हणजे काय ते कोणी दाखवले नाही. याउलट पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. मुंबईतली संशोधकाची नोकरी सोडून ते खेड्यात गेले आणि तिथल्या मुलांच्या हाती हत्यारे दिली. करता करता शिकायचे, ही त्यांची रीत. जोडकाम करणारा मुलगा भूमिती वेगळी पाठ करीत नाही.

आपल्या नवी मुंबईतही एक धडा उभा आहे. बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखले. सात-सात घरे एका अंगणाभोवती, आणि कोणाची भिंत कोणाशी सामाईक नाही. का? तर प्रत्येक कुटुंबाला ऐपतीप्रमाणे आपले घर वाढवता यावे म्हणून! बांधणीही साध्या गवंड्याला जमेल अशी. आज तिथली कितीतरी घरे ओळखू येऊ नयेत इतकी बदलली आहेत. पण राहणाऱ्याला आपल्या घराचे काही कळते, असे मानून आखलेली ती वसाहत आहे.

म्हणून काय सगळेच आपण करायचे? मुळीच नाही. गॅसची गळती, गिझरची वीज, तुळईला गेलेला तडा, हे जाणकाराचेच काम. तिथे हौस जिवावर बेतते. आणि प्लंबरच्या पोटावर पाय द्यावा असेही मला म्हणायचे नाही. उलट एक वायसर बदलताना माझी बोटे सोलली, तेव्हापासून मी कारागिराशी मजुरीवरून घासाघीस करीत नाही. ज्याने कधी पाना धरला नाही, तोच म्हणतो, "पाच मिनिटांच्या कामाचे एवढे पैसे?" आबांच्या पाठीवरच्या पोत्याचे वजनही अशाच माणसांना कळत नाही. शिकून मी त्यांच्यातली एक झाले, तर आबांच्या कष्टांचे चीज झाले असे कसे म्हणू?

आबांना हे अजून पुरते पटलेले नाही. पण परवा पंखा रडतखडत फिरू लागला, तेव्हा त्यांनी हाक मारली ती मला. मी मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि कंडेन्सर बदलला.

टॉर्च भावाने धरला होता.