विचारायला लाजू नका!

दुपारी पिग्मीवाला दारात येतो. आपण पदराची गाठ सोडून पन्नास-शंभर रुपये त्याच्या हातावर ठेवतो. तो गावातलाच, त्याच्या आईला आपण मावशी म्हणतो. पतसंस्थेचे चेअरमनही लग्नकार्यात भेटणारे. मग विचारायचं ते काय? मैत्रिणींनो, नेमकी इथेच गफलत होते.

गावातली संस्था वाईट, असं मुळीच नाही. तिथला कारकून आपल्याला नावानिशी ओळखतो, फॉर्म भरून देतो, शिलाई मशीनसाठी कर्जही मिळतं. पण बँक आणि पतसंस्था यांत मोठा फरक आहे. बँकेवर, मग ती सहकारी का असेना, रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारी 2020 पूर्वी ही मर्यादा 1 लाखच होती. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. तिचा कारभार सहकार खात्याच्या अखत्यारीत येतो. दोन टक्के व्याज जास्त मिळतंय म्हणून मुलीच्या लग्नाची सगळी पुंजी तिथे ठेवण्याआधी एवढं तरी माहीत हवंच.

आपल्याला यातलं काय कळतंय, असं म्हणू नका. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांनी चेतना सिन्हा यांच्यासोबत बँक काढायची ठरवली, तेव्हा कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी ठेवली. 1997 मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. अक्षर नव्हतं तेव्हाही हिशेब त्यांना येतच होता!

म्हणून पैसे ठेवण्यापूर्वी चार गोष्टी करा. ही बँक की पतसंस्था, आणि ठेवीला विमा आहे का, हे थेट विचारा. पतसंस्था असेल तर नोंदणी क्रमांक, ऑडिटचा वर्ग आणि थकबाकी किती ते पाहा. शंका वाटली तर तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात चौकशी करा. पिग्मीचं पुस्तक महिन्यातून एकदा शाखेत नेऊन नोंदी जुळवून घ्या आणि वारसाचं नाव लावा. सभासद असाल तर वार्षिक सभेला नवऱ्याला न पाठवता स्वतः जा, अहवाल मागून घ्या. आणि सगळी पुंजी एकाच ठिकाणी कधीच ठेवू नका.

सोनार कितीही ओळखीचा असला तरी आपण काट्यावरचं वजन बघतोच ना? त्यात त्याचा अपमान नसतो. मग घामाच्या पैशाबद्दल चार प्रश्न विचारले, तर कुणी कशाला रागवावं? आणि जो रागावेल, त्याच्याकडे पैसे ठेवूच नयेत, हे उत्तम!